खाडीची नोंद: अवसेची ओहोटी

जानेवारीच्या अवसेला ठाण्याच्या खाडीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजला होता. त्या मापाला जोड हवी होती. ती मे महिन्याच्या अवसेला मिळाली. जागा तीच, भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूचा बांध. वेळही तीच, उजाडायच्या सुमाराची पूर्ण ओहोटी.

अवसच का, ते आधी सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सवड मिळेल तेव्हा जाऊन मापं घेतली आणि वहीत नुसता गोंधळ झाला. पहाटेच्या 27 अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला 2.1 मिलिग्रॅम, दुपारच्या 31 अंशांच्या पाण्यात 4.6. पाणी तापलं की ऑक्सिजन कमी मावतो, हे आपण घोकलेलं. इथे सगळं उलटं! नंतर ट्यूब पेटली. पहाटे ओहोटीचं, नाल्यांचं आणि चिखलावरून उतरलेलं पाणी होतं, दुपारी भरतीनं आणलेलं. त्यात दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर सगळेच तो खात बसतात. मी तापमान मोजतोय असं समजून भरती-ओहोटीच मोजत होतो.

उपाय भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अवसेचे 15 धरले तर सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या आसपास, खाडीच्या आत जराशी उशिरा. तिथी धरून गेलं की पाणी त्याच टप्प्यावर भेटतं.

नमुना घेण्यातही एक चूक झाली होती. दोरीनं बादली सोडायचो. ती आपटते, पाण्यात हवा घुसते आणि आकडा फुगतो. आता नळी थेट 300 मिलीच्या बाटलीच्या तळाला टेकवतो, पाणी भरभरून वाहू देतो आणि बुडबुडा न राहील असं बूच लावतो. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही ऑक्सिजन पकडून ठेवणारी रसायनं बांधावरच घालायची. गाळ जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. जानेवारीत बाटलीत तपकिरी गाळ धरला होता, कडक चहासारखा. मेमध्ये तो फिकट, दूध जास्त झालेल्या चहाचा रंग. टायट्रेशनच्या, म्हणजे थेंब-थेंब रसायन घालून नेमका आकडा काढण्याच्या, आधीच उत्तर समोर होतं. (विंक्लरनं ही पद्धत 1888 मध्ये दिली. माझं डिजिटल मीटर सहा महिन्यांत बंद पडलं.)

आकडे असे: जानेवारीत पाणी 22 अंश, ऑक्सिजन 3.9. मेमध्ये 29 अंश, ऑक्सिजन 1.8.

आता खरी गंमत. एवढ्या खारट पाण्यात 22 अंशांना लिटरमागे साधारण 7.4 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 29 अंशांना साडेसहाच्या आसपास. म्हणजे मावण्यातली घट एकाच्या आत. प्रत्यक्षात घट 2.1 ची. उरलेला गेला कुठे? माझ्या मते खाणाऱ्यांच्या पोटात. दहा अंश चढले की चिखलातल्या जिवाणूंची भूक ढोबळमानानं दुप्पट होते. वाटी थोडीच लहान झाली, पंगत मात्र वाढली.

वाटीचा भाग, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन किती मावतो ते, घरी वेगळा तपासून घेतला. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडवलं, मग माशांच्या टाकीचा पंप लावून हवा भरली. फ्रिजमधल्या 10 अंशांना 10.9, खोलीतल्या 28 ला 7.7, गच्चीवर तापवलेल्या 35 ला 6.8. कोष्टकात गोड्या पाण्याला अनुक्रमे 11.3, 7.8 आणि 7 च्या जरा आत दिलेत, तेव्हा हात बरा बसलाय. आईनं फ्रिजमधल्या बाटलीवर "पिऊ नका" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, तेवढा एकच खर्च.

दोन अवसा म्हणजे दोनच ठिपके, हे मान्य आहे. नाल्यांतून त्या आठवड्यात काय सुटलं, ते माझ्या हातात नाही. पुढच्या खेपेला त्याच पाण्याच्या दोन बाटल्या काळ्या कपड्यात गुंडाळून एक 22 अंशांना आणि एक 29 ला पाच तास ठेवणार, म्हणजे भुकेचा वेग सरळ मोजता येईल. निवटी मासळी मात्र त्या 1.8 च्या पाण्याच्या कडेला, ओल्या चिखलावर तोंड उघडून मजेत उड्या मारत होती. तिला काय, ती हवेतूनही घेते.