तिसऱ्या रविवारची हरकत

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लग्न ठरले की सलग तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावे वाचावी लागतात; याला आम्ही जाहिरात म्हणतो. नाव, वडिलांचे नाव, गाव, कोणत्या मंडळीचे सभासद हे सांगून झाले की शेवटी तो प्रश्न येतो : या दोघांचा विवाह होऊ नये असे योग्य कारण कोणास ठाऊक असल्यास त्याने ते आता कळवावे. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणून बावीस वर्षांच्या सेवेत मी हा प्रश्न किती वेळा विचारला असेन, याची मोजदाद नाही. त्याला कधी कोणी उत्तर दिले नव्हते. प्रश्न विचारून झाला की मी क्षणभर थांबतो आणि पुढच्या सूचनेकडे वळतो. चार महिन्यांपूर्वी एका रविवारी मी तसाच थांबलो असताना स्त्रियांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावरून एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, “पाळकसाहेब, माझी हरकत आहे.”

या प्रकरणातली सगळी माणसे याच भागात राहणारी आहेत, म्हणून कोणाचेही नाव, गाव मी लिहीत नाही.

पाळकाचे काम म्हणजे रविवारचा उपदेश, अशी बाहेरच्यांची समजूत असते. नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या तालुक्याच्या मंडळीत पाळकाचा निम्मा आठवडा घरभेटींत आणि बाहेरगावच्या लहान मंडळ्यांना जाण्यात जातो आणि उरलेला कागदांत. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन अशी चार रजिस्टरे माझ्या ताब्यात आहेत. कोणाला जन्माचा दाखला नसला की बाप्तिस्म्याची नोंद शोधायला तो माझ्याकडे येतो. वारसाचे भांडण कोर्टात गेले की दफनाच्या नोंदीचा उतारा मागायला वकील येतो. जुन्या पाळकांनी बोरूच्या अक्षरांत केलेल्या नोंदी मी उघडतो तेव्हा त्यांच्याविषयी मनात आदर दाटून येतो. ज्याच्या नावावर गावात वीतभर जमीन नव्हती, त्याचेही नाव, आईबापांचे नाव आणि तारीख त्यांनी नीट लिहून ठेवली आहे. ती रीत मी आजवर सांभाळली, याचा मला अभिमान आहे.

विवाहाच्या कागदांबाबत तर मी कडक म्हणूनच ओळखला जातो. दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, वराची एकवीस आणि वधूची अठरा वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा, दुसऱ्या मंडळीचा सभासद असल्यास तिथल्या पाळकांचे पत्र, विधुर किंवा विधवा असल्यास मृत्यूचा दाखला, घटस्फोटित असल्यास न्यायालयाचा हुकूमनामा, आणि वधूवरांनी स्वतःच्या हाताने भरलेला अर्ज. यातला एक कागद कमी असला तरी मी पहिल्या रविवारी नाव वाचत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने सकाळी सहा ते संध्याकाळी सात हीच वेळ घालून दिलेली आहे, म्हणून पाहुण्यांसाठी खोळंबलेल्या वरपक्षाला मी सव्वासहालाच घड्याळ दाखवतो. लोक रागावतात, पण विवाह ही देवासमोरची गोष्ट आहे म्हणून तिचा कागद ढिला चालेल, हे मला कधी पटलेले नाही.

या लग्नातही सगळे कागद होते. वधू आमच्याच मंडळीतली, पेशाने परिचारिका, गायकवृंदात गाणारी मुलगी. वर पुण्यात नोकरीला. त्याच्या पाळकांचे पत्र होते : ‘माझ्या माहितीप्रमाणे सदर इसम अविवाहित आहे.’ अर्जातल्या वैवाहिक स्थितीच्या रकान्यातही वराच्या हातचा तोच शब्द होता. अशा पत्रांविषयी माझी जुनी तक्रार आहे. माणूस ओळखीचा आहे की नाही हेही न पाहता, फोनवर सांगितलेल्या मजकुरावर सही करून पत्र देणारे सेवकबंधू आमच्यात आहेत. आपल्या सहीवर एका मुलीचे आयुष्य उभे राहणार आहे, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. असे असूनही त्या दिवशी तेच पत्र मी फाइलला लावले होते.

ती उभी राहिली तेव्हा तिच्याबरोबर सहासात वर्षांचा मुलगा होता आणि हातात प्लास्टिकची पिशवी. पुढच्या बाकावरून आमच्या सेक्रेटरींनी मला हाताने खूण केली, की पुढे चला. मी म्हणालो, “बाई, आपण बसा. उपासनेनंतर ऑफिसात बोलू.” ती बसली. मी पुढची सूचना वाचली. ती महिला मंडळाच्या सभेची होती.

ते वाक्य मला अजून सोडत नाही. तिसऱ्या रविवारी संपूर्ण मंडळीसमोर हरकत विचारणारा मी आणि हरकत येताच ती ऑफिसात नेणाराही मीच. त्याच क्षणी मी ती मंडळीसमोर नोंदवायला हवी होती.

तो महिन्याचा पहिला रविवार होता, त्यामुळे त्यानंतर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि पेला घेण्याचा विधी होता. १९७० साली सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तरी अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या रीतीप्रमाणे आमच्याकडे भाकरीचे ताट आणि लहान पेल्यांचा ट्रे बाकाबाकांवरून फिरतो. मी मेजामागे उभा राहून सगळी मंडळी पाहत होतो. वराची आई त्या दिवशी मुद्दाम आली होती आणि वधूच्या आईशेजारी बसली होती. तिने भाकर घेतली, पेला घेतला. ट्रे फिरत शेवटच्या बाकावर गेला. त्या बाईने तो दोन्ही हातांनी घेतला, मुलाचा हात पेल्याकडे जाऊ लागला तो कोपराने अडवला आणि ट्रे तसाच शेजारणीच्या हातात दिला. तिने काही घेतले नाही.

उपासना संपल्यावर ऑफिसात ती, मी, पाळकबाई म्हणजे माझी पत्नी, सेक्रेटरी आणि वधूचे वडील एवढेच होतो. तिने पिशवीतून विवाहाचा दाखला काढला. तो लॅमिनेट केलेला होता आणि पाळकांच्या सहीवर नेमका हवेचा बुडबुडा राहिला होता. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मंडळीत नऊ वर्षांपूर्वी तिचे या वराशी लग्न झाले होते. दुसरा कागद पाचशे रुपयांच्या मुद्रांकावरचा. त्यावर नोटरीचा लाल शिक्का, दोन साक्षीदार, आणि उभयतांनी राजीखुशीने एकमेकांना सोडल्याचा मजकूर. खाली तिची सही, थरथरत्या हाताने केलेली. शेवटचे अक्षर ओळीच्या खाली उतरलेले.

“सोडचिठ्ठी झालीच आहे ना मग!” वधूचे वडील म्हणाले. लग्न आठवड्यावर आले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या, हॉलचे पैसे भरले होते. त्यांचा संताप मला समजत होता, पण या एका समजुतीने आपल्या समाजाचे किती नुकसान केले आहे, हे मी कितीदा पाहिले आहे. नोटरीसमोर लिहिलेल्या कागदाने ख्रिस्ती विवाह मोडत नाही. पंचांनी मोडत नाही. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्द ठरवला तरी कायद्याने तो घटस्फोट होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे. त्यासाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली न्यायालयातच जावे लागते. हा कायदा पूर्वी फार जाचक होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध करावा लागे. बायकोला मात्र सहसा व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग सिद्ध करावा लागे, आणि जिल्हा न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयाची मोहोर लागे. परस्परसंमतीची वाटच नव्हती. २००१ साली हे सगळे बदलले, ती वाट खुली झाली. तरी आमची माणसे अजून मुद्रांकाचा कागद घेऊन येतात आणि आमच्यातले काही पाळक तो कागद पाहून लग्ने लावतात. पहिली पत्नी हयात असताना, विवाह कायम असताना लावलेले दुसरे लग्न हा गुन्हा तर आहेच. त्याहून वाईट हे, की दुसऱ्या मुलीला पत्नी म्हणून काहीच मिळत नाही आणि हे तिला फार उशिरा कळते.

हे सगळे मी त्या वडिलांना समजावून सांगत होतो. माझा आवाज चढला होता, कारण या विषयात मी पक्का आहे. ती बाई मधेच शांतपणे म्हणाली, “साहेब, हेच तुम्ही मला तेव्हा सांगायला हवं होतं.”

मला काही कळेना. तिने सांगितले, की सात वर्षांपूर्वी तिच्या माहेरच्या गावी कुटुंब मेळावा होता आणि वक्ता मी होतो. तिची त्या कागदावर सही घेऊन तेव्हा महिनाच झाला होता आणि ती गरोदर होती. प्रवचनानंतर प्रार्थनेसाठी जी माणसे पुढे आली, त्यांत ती होती. नवऱ्याने सही घेऊन घराबाहेर काढले आहे, कागद जवळ आहे, एवढे तिने मला सांगितले होते. “तुम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणालात, प्रीती सहनशील आहे, देव त्याचं मन पालटेल. कागद नाही बघितलात.”

मला ती आठवत नव्हती, आजही आठवत नाही. मेळाव्यात पुढे येणाऱ्यांची रांग असते, संगीत चालू असते, प्रत्येकाजवळ दोन मिनिटे मिळतात. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. लग्नाला आलेल्यांचा कागदन् कागद तपासणाऱ्या मला त्या रडणाऱ्या बाईच्या हातातला कागद मागावासा वाटला नाही, ही गोष्ट मला समजून घ्यायची आहे. मला वाटते, आम्ही पाळक मोडलेल्या घरासमोर उभे राहिलो की आमच्याजवळ एकच औषध असते. १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्यांची आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ताटातूट झाली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, ही हकिकत मी स्वतः प्रत्येक कुटुंब मेळाव्यात धीराचे उदाहरण म्हणून सांगत आलो. पण तिथे कोणी कोणाला फसवले नव्हते. वाट पाहणारा नवरा होता. जिथे नवऱ्याने फसवून सही घेतली आहे, तिथे हे उदाहरण सांगणे म्हणजे त्या बाईवर अन्याय आहे. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ज्या तेराव्या अध्यायात प्रीती सहनशील असल्याचे प्रेषित पौल लिहितो, त्यातच दोन वचनांनंतर प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, तर सत्यासंबंधी आनंद मानते, असेही आहे. त्या वचनावर मी आजवर एकदाही प्रवचन केलेले नाही.

मी तिला विचारले, आपली इच्छा काय आहे? तिला नवरा परत नको होता. “त्यानं कोर्टात जाऊन रीतसर सोडावं. पोराचं नाव आणि खर्च त्यात लिहावा. आणि तिथं अविवाहित लिहिलंय, ते खोडावं. मी होते ना त्याची बायको.”

प्रभुभोजन का घेतले नाही, हे पाळकबाईंनी तिला विचारले. ती म्हणाली, “भांडण मिटलं नव्हतं. न मिटवता कसं घेऊ?” वेदीजवळ अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, हे प्रभूचे शब्द मी वर्षातून बारा वेळा वाचतो.

तेवढ्यात वधू आत आली. तिला कोणी बोलावले नव्हते. तिने दाखला घेतला, वाचला, मुद्रांकाचा कागद वाचला, मग मुलाकडे पाहून विचारले, “कितवीत आहेस?” तो म्हणाला, “पहिलीत.” तिने दोन्ही कागद नीट एकावर एक ठेवून त्या बाईच्या हातात दिले आणि वडिलांना म्हणाली, “दादा, चला घरी.”

लग्न झाले नाही. वराकडच्यांनी पुढच्याच आठवड्यात दुसरीकडे लग्न लावण्याची खटपट केली आणि कोणताही कागद न मागता हो म्हणणारा एक उपदेशक त्यांना मिळालाही; पण मुलीनेच नकार कळवला. कमिटीतल्या दोघांचे अजून म्हणणे आहे, की मी प्रकरण वाढवले आणि मंडळीचे नाव गेले. हे मला मान्य नाही. नाव जाण्याची वेळ आलीच होती, ती पहिल्या दोन रविवारी मी ती नावे वाचली तेव्हा. परस्परसंमतीचा अर्ज आता जिल्हा न्यायालयात आहे. वधू पूर्वीसारखीच उपासनेला येते, मात्र गायकवृंदात उभी राहत नाही, आणि तिला काय सांगावे हे मला अजून सुचलेले नाही. प्रार्थना करतो म्हणायला आता माझी जीभ चटकन वळत नाही.

त्या दिवशी मी जाहिरातीचे रजिस्टर काढले आणि तिसऱ्या रविवारच्या रकान्यात ‘हरकत आली. जाहिरात थांबवली’ असे लिहिले. त्यापुढे तिचे नाव लिहिताना कोणते आडनाव लिहू, हे तिलाच विचारले. ती म्हणाली, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत त्याचेच लिहा. लिहून झाल्यावर तिने रजिस्टर आपल्याकडे वळवून घेतले, ओळीखाली बोट फिरवत वाचले आणि आपल्या नावातली वेलांटी मी ऱ्हस्व काढली होती, ती दीर्घ करून घेतली. मग दोनच्या एसटीने ती गेली.

रात्री मी सात वर्षांपूर्वीची डायरी काढली. त्या मेळाव्याची नोंद सापडली : ‘कुटुंब मेळावा. उपस्थिती उत्तम. संदेश १ करिंथ १३. १४ जणांसाठी प्रार्थना.’ नाव एकाचेही नव्हते. त्या गावचे तेव्हाचे पाळक आता निवृत्त झाले आहेत. त्यांना मी फोन केला, मग दोनदा जाऊन भेटलो, त्यांच्या पत्नीला बऱ्याच जणी आठवल्या. आतापर्यंत नऊ नावे मिळाली आहेत, आणि त्यांतल्या चौघींच्या घरी मी जाऊन आलो.