उजनीच्या गाळातली बेवारस होडी

उन्हाळ्यात सोलापूरकर एकमेकांना एक प्रश्न हमखास विचारतात, "उजनी किती?" मे महिन्यात उत्तर बहुतेक वजामध्ये असतं. भीमेवरच्या उजनी धरणाच्या ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. त्यावरचं पाणी संपलं की टक्केवारी शून्याखाली मोजतात. २०२४ मध्ये ती वजा ५० च्याही खाली गेली होती. पाणी असं ओसरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, कुगावचा इनामदारांचा वाडा वर येतो आणि लोक बघायला जातात. मी करमाळ्याच्या बाजूला गेलो तो एका लाकडी होडीसाठी.

मोहोळ, टेंभुर्णी, मग जेऊरचा रस्ता. कंदरच्या आसपास केळीच्या बागा इतक्या दाट की पाण्याची ओढ आहे हे खरं वाटत नाही. जेऊरपासून आत वळलो आणि शेवटचा टप्पा चालत गेलो. भेगाळलेला गाळ, मधूनमधून गाळपेराची, म्हणजे उघड्या गाळात घेतलेल्या पिकाची हिरवी पट्टी, आणि बऱ्याच अंतरावर पाणी.

होडी गुडघाभर पाण्यात एका कुशीवर कलली होती. लांबी साधारण २० फूट. वरच्या फळ्या गेलेल्या, आतल्या बरगड्या उघड्या. गाळात रुतलेला भाग मात्र आश्चर्य वाटावं इतका शाबूत होता. हाताने गाळ थोडा बाजूला केला, तर फळ्यांच्या सांध्यांत डांबर अजून चिकटलेलं दिसलं. एका ठिकाणी पत्र्याचं ठिगळ होतं, गोल डोक्याच्या खिळ्यांनी ठोकलेलं. म्हणजे ही होडी फुटली, कुणीतरी ती मन लावून दुरुस्त केली आणि पुन्हा पाण्यात घातली.

जाळं आवरत बसलेल्या एका काकांना विचारलं.

"ती व्हय? कुणाचीच न्हाय," ते म्हणाले. "धरणाचं पाणी आमच्या रानात आलं तवा मी शाळंत होतो. ही कवा हितं आली, कुणी सांगंना. आता तर समद्या फायबरच्या झाल्या."

२०२४ च्या मे महिन्यात वळवाच्या वादळात कुगाव–कळाशी मार्गावरची बोट उलटून ६ जणांचा जीव गेला, त्यामुळे इथे बुडालेली होडी म्हटलं की आधी तीच आठवण निघते. पण ही होडी त्याहून कितीतरी जुनी आहे. मला तिचा माग लागला तो शेजारच्या खुणांवरून. होडीपासून थोड्याच अंतरावर दगडी विहिरीचं कडं दिसतं आणि बांधाची रेघ सरळ पाण्यात उतरते. हे कुणाचं तरी रान होतं. भीमेचं जुनं पात्र इथून लांब. रानात होडी बुडायची तर आधी रानात पाणी यायला हवं. उजनीचं काम १९६६ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. तेव्हा होडी इथे बुडाली ती पाणी पसरल्यानंतरच. बांधली कधी, हा प्रश्न वेगळा. भीमेवर पूल कमी होते तेव्हा माणसं होडीतून, भोपळ्यांच्या सांगडीवरून, पुराच्या वेळी तर गुऱ्हाळाच्या काहिलीत बसूनही पैलतीर गाठत. त्या काळातली एखादी होडी नदीवरून जलाशयावर आली असेल, तर ती धरणापेक्षा वयाने मोठी आहे. मला तसंच वाटतं. ते ठिगळ मला तेच सांगतं.

गोड्या पाण्यात समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा नसतो. गाळात हवा पोचत नाही, म्हणून बुरशीही फार वाढत नाही. घात करतं ते दरवर्षीचं भिजणं आणि वाळणं. पाण्याने फुगलेलं लाकूड मे महिन्याच्या उन्हात आकसतं, चिरतं. म्हणूनच "ओढून काठावर आणा, गावात ठेवा" हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. १६२८ मध्ये बुडालेलं स्वीडनचं 'वासा' जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा लाकूड चिरू नये म्हणून त्यावर १७ वर्षं रसायन फवारावं लागलं. इथे कोण फवारणार? उघड्यावर ही होडी एका उन्हाळ्यात सरपण होईल.

कायद्याचा आधारही नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू साधारणपणे १०० वर्षांची असावी लागते. धरणाने ज्यांची गावं उठवली त्यांच्या आयुष्यातल्या वस्तू त्या वयात बसत नाहीत, आणि मला याचं फार वाईट वाटतं. वाडे, देवळं यांची छायाचित्रं निघतात. नावाडी आणि कोळी ज्यावर पोट भरत होते, ती लाकडं कुणी मोजतसुद्धा नाही.

मी मोजली. लांबी, रुंदी, बरगड्यांमधली अंतरं, खिळ्यांचे आकार. प्रत्येक फोटोत शेजारी पट्टी ठेवली. होडीचा तुकडा काढून आणला नाही, आणि नेमकी जागा इथे मुद्दाम लिहीत नाही.

करमाळा, माढा, इंदापूर भागात कुणाच्या घरी १९८० च्या आसपासचा होडीचा फोटो असेल, आजोबा-पणजोबा उतार चालवत, म्हणजे होडीने माणसं पैलतीरी नेत असतील, तर मला जरूर कळवा. डाव्या अंगाला, टोकापासून हातभर अंतरावर पत्र्याचं चौकोनी ठिगळ आहे. ओळखणारा त्यावरून ओळखेल. मात्र लवकर. सोलापुरात थेंब पडला नसला तरी पुण्याकडे पाऊस लागला की दौंडहून विसर्ग वाढतो, आणि मग ती जागा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिसत नाही.