पहिल्या सोनोग्राफीला जाताना

गरोदरपणातली दुसरी सोनोग्राफी झाली काल, आणि आता थोडा जीव भांड्यात पडलाय म्हणून लिहायला बसले. पहिल्या वेळी मला कुणी चार गोष्टी आधी सांगितल्या असत्या तर मधले बारा दिवस एवढे वाईट गेले नसते असं वाटतं, म्हणून सगळं लिहितेय, कुणाच्या तरी कामी येईल.

पहिली गोष्ट उपाशी जाण्याची. सासूबाईंची दोन वर्षांपूर्वी पित्ताशयातल्या खड्यांची सोनोग्राफी झाली होती, तेव्हा त्यांना सकाळी काही न खाता बोलावलं होतं. म्हणून त्यांनी अगदी काळजीने मलाही चहासुद्धा दिला नाही. त्यांचं काही चुकलं नाही हो, त्यांना तेवढंच माहीत होतं. पण गरोदरपणाच्या सोनोग्राफीला उपाशी राहायचं नसतं. मला तर सकाळी उठल्या उठल्याच मळमळतं, त्यात रिकाम्या पोटी चार ग्लास पाणी प्यायले, आणि सेंटरला पोचायच्या आत रस्त्यातच उलटी झाली.

पाणी का, तर लघवी भरलेली असली की पोटावरून गर्भपिशवी नीट दिसते. ते खरंच आहे, पण अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत बरेचदा खालून, म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी करतात, टीव्हीएस म्हणतात तिला, आणि तिला उलट लघवी करून यायला सांगतात. मी सव्वा तास कंट्रोल करून बाकावर बसले होते, पाय हलवत, आणि आत गेल्यावर सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, जा आधी बाथरूमला जाऊन ये! म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून घ्या, पोटावरून करणार की खालून, पाणी पिऊन यायचं का. खालून म्हणलं की भीती वाटते, मलाही वाटली, पण दुखलं नाही, फक्त अवघडल्यासारखं झालं. अंग सैल सोडलं की पटकन होतं. आणि कपडे दोन भागांतले घाला, कुर्ता-सलवार किंवा साडी, सलग ड्रेस नको.

कागदांमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधारची झेरॉक्स न्या, आणि शेवटच्या पाळीची तारीख पाठ असू द्या, सगळं गणित त्याच्यावर आहे. तिथे एफ फॉर्म भरून घेतात, आधीची मुलं किती, मुलगा की मुलगी तेही विचारतात, आणि मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही अशी सही घेतात. बाजूच्या एक ताई वैतागल्या होत्या एवढं कशाला म्हणून. पण मला सही करताना बरं वाटलं. आपल्या महाराष्ट्राने 1988 ला याचा कायदा केला, देशाचा कायदा 1994 ला आला, त्याच्या आधी किती जणींच्या पोटातल्या मुली गेल्या असतील. तो फॉर्म मला अजिबात जड वाटला नाही.

आता खरं जे सांगायचंय ते. पाळीच्या तारखेप्रमाणे मला सहा आठवडे पाच दिवस झाले होते, म्हणजे बाळाच्या हृदयाचे ठोके दिसायला हवेत असं मी वाचून गेले होते. आत स्क्रीनकडे बघत मॅडम बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, बाळाभोवतीची पिशवी दिसतेय, योक सॅक (बाळाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) दिसतोय, बाळ अजून दिसत नाहीये, बारा दिवसांनी या. बस, एवढंच. मी बाहेर येऊन नवऱ्याचा हात धरला आणि तिथेच रडायला लागले, त्याला वाटलं संपलं सगळं.

संध्याकाळी आमच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. माझी पाळी पहिल्यापासून 36-38 दिवसांनी येते, म्हणजे गर्भ राहिलाच उशिरा, आणि मापाने मी पाच आठवडे तीन दिवसांचीच होते. एवढ्यात ठोके दिसतच नाहीत कधी कधी. बाळाचं माप 7 मिलिमीटर झाल्यावरही ठोके नसले तर मग काळजीचं, त्याच्या आधी एका सोनोग्राफीवरून काही ठरवायचं नसतं म्हणाल्या. लवकर सोनोग्राफी करायचं कारण असतंच, गर्भ गर्भपिशवीऐवजी नळीत तर नाही ना हे बघायचं असतं, पोटात एका बाजूला दुखत असेल किंवा रक्त जात असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. पण नुसती उत्सुकता असेल आणि पाळी लांबणारी असेल तर डॉक्टरांना विचारून सात-आठ आठवड्यांना जा, एवढं माझं मनापासून सांगणं आहे.

ते बारा दिवस कसे काढले मलाच माहीत. तीन महिने कुणाला सांगायचं नाही म्हणतात, म्हणून आईशिवाय कुणाशी बोलता येईना, रात्री मोबाईलवर नको नको ते वाचायचे. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र एक दिवस चुकवली नाही.

काल पोहे खाऊन गेले, लघवी करून गेले. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, एक सेंटीमीटरचं बाळ, आणि मधोमध काहीतरी लुकलुकत होतं. 138 ठोके. नवऱ्याला आत बोलावलं त्यांनी, तो काही बोललाच नाही, नुसता बघत राहिला.

घरी आल्यावर सासूबाईंना रिपोर्टमधला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा शोधून आणला, खूप वेळ बघितलं आणि देवापुढे नेऊन ठेवला.