वाटणी सारखी, तिथेच गोची

रविवार, रात्री उशिरा

तीनदा साबण लावूनही नखांतलं काळं ऑइल गेलेलं नाही. जाऊ दे. इतकी वर्षं मी जे तोंडाने बडबडत होतो, ते आज हाताला कळलं.

माझ्या गाडीची मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचलली, गिअर टाकला आणि डावं चाक हाताने फिरवलं. उजवं निमूट उलटं फिरलं. साधं ओपन डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा संच, दुसरं काय होणार! मग मित्राच्या गाडीला तेच करून पाहिलं. तिच्यात प्लेटवालं लिमिटेड स्लिप आहे, म्हणजे दोन चाकांच्या गतीतला फरक रोखून धरणारं डिफरन्शियल. चाक हलेचना. न्यूट्रल केल्यावर हललं, तेही जडपणे, आणि पलीकडचं चाक त्याच दिशेला फिरलं.

आजवर मी छातीठोकपणे सांगत आलो की ओपन डिफ सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देतं. साफ चूक. घसरणाऱ्याकडे जातो तो वेग. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, दोघांना सारखाच मिळतो, आणि खरं दुखणं तेच आहे. वळणात आतलं चाक हलकं होतं. समजा ते १०० न्यूटन-मीटर पेलतंय आणि बाहेरचं ६०० पेलू शकतं. तरी बाहेरच्याला मिळणार १००च. एकूण २००, बाकी इंजिन नुसतं ओरडतंय. १८२७ साली पेक्योरने वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियल काढलं तेव्हा चाकांनी वळणात वेगवेगळ्या गतीने फिरावं एवढाच प्रश्न होता. १९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरच्या रेसिंग गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तेव्हा झेडएफ या जर्मन कंपनीला लिमिटेड स्लिप हे नवं डिफरन्शियल बनवावं लागलं.

प्लेटवाल्याची रचना मला फार आवडली. पिनियनची, म्हणजे आतल्या छोट्या गिअरची, दांडी दोन रिंगांमधल्या उतरत्या खाचांत बसते. ॲक्सिलरेटर दाबला की दांडी त्या उतारावर चढते, रिंगा बाहेर ढकलल्या जातात आणि प्लेटा आवळल्या जातात. म्हणजे जितका जोर, तितकी पकड. उतार एकाच बाजूला असला तर वन-वे, पाय काढल्यावरही तितकंच आवळणारं ते टू-वे, आणि या दोघांच्या मधलं ते दीड-वे. शिवाय स्प्रिंगमुळे थोडा दाब कायम असतोच. मघाशी हाताला लागला तो हाच. पार्किंगमध्ये हळू वळताना येणारी ती कडकडही या प्लेटांचीच. त्यासाठी ऑइलमध्ये वेगळं ॲडिटिव्ह घालतात.

टॉर्सन हा लिमिटेड स्लिपचाच दुसरा प्रकार. त्यात प्लेटा नाहीत, सगळा खेळ गिअरच्या घर्षणाचा. कमी पकडीच्या चाकाच्या किती पट टॉर्क दुसऱ्याला देता येतो, ते त्याचं प्रमाण समजा अडीच असेल, तर आतलं १०० पेलत असताना बाहेरच्याला २५० मिळतात, एकूण ३५०. ना कडकड, ना झिजणाऱ्या प्लेटा. पण आतलं चाक कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून, हवेत गेलं की संपलं, कारण शून्याची अडीचपट शून्यच. अशा वेळी डाव्या पायाने ब्रेक हलकासा दाबायचा, म्हणजे गुणायला काहीतरी मिळतं. ही युक्ती मला भलतीच गोड वाटली.

आता गेल्या महिन्यातला ओला ट्रॅक आठवतोय. एका वळणावर माझ्या गाडीचं आतलं चाक नुसतं भिरभिरलं आणि मी रांगत बाहेर पडलो. त्याच वळणावर मागून मित्र आला, पाय जरा जास्त पडला आणि गाडी गरकन फिरून गवतात तोंड उलटं करून उभी. मी तेव्हा हसलो होतो, 'एवढं महागाचं डिफ लावून हे!' म्हणून. पण माझं बाहेरचं चाक घसरलंच नव्हतं, म्हणून त्याने मागची बाजू धरून ठेवली. त्याची दोन्ही चाकं एकदम सुटली, मग आडवं धरायला मागे कोण उरलं? शिवाय पाय हलका असताना त्याची गाडी वळायलाही कुरकुरते, कारण बांधलेल्या चाकांना सरळच जायचं असतं. ही तक्रार तो पहिल्या दिवसापासून करतोय आणि मी टायरना दोष देत होतो.

टू-वे घ्यायचं माझं जवळजवळ ठरलं होतं. आता टॉर्सन. आधी मात्र गाडी गवतात गेल्यावर हसलो त्याबद्दल मित्राला फोन करायला हवा, आणि त्याच्या डिफचा ड्रेन प्लग मी नीट आवळला का, तेही सकाळी पुन्हा बघायचंय.