लॅमिनेट केलेली किआंती

साखळी रेस्टॉरंटच्या वाइन लिस्टला नावं ठेवण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. त्यासाठी वाइन कळावी लागत नाही, नाक मुरडता आलं की भागतं. आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना ते आता चांगलंच जमायला लागलंय. एकदा कॅलिफोर्नियात नापाच्या वाइनबागा बघून आलेला माणूस ऑलिव्ह गार्डन या इटालियन साखळीचं नाव काढलं की "तिथे? वाइन?" म्हणून भुवया चढवतो. मला मात्र असल्या याद्या वाचायला मनापासून आवडतात. भारी रेस्टॉरंटात चामडी बांधणीचं बाड समोर आलं की मी ते मुकाट्याने मिटतो. पण चिकन पार्मच्या फोटोशेजारी छापलेली, कोपऱ्यावर सॉसचा डाग असलेली ती दीड पानाची लॅमिनेट केलेली यादी दोनदा वाचतो.

न्यू जर्सीत तर या यादीमागे एक गंमतच आहे. इथे रेस्टॉरंटला दारूचा परवाना गावाच्या लोकसंख्येवर मिळतो, ढोबळमानाने 3,000 रहिवाशांमागे एक. बऱ्याच गावांचा कोटा कधीच संपलाय. मग परवाना हवा असेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून विकत घ्यायचा, आणि किंमत लाखांत. रुपये नव्हे, डॉलर. नवरा-बायको आणि एक भाचा मिळून चालवतात त्या कोपऱ्यावरच्या इटालियन हॉटेलाला हे कुठून परवडणार? म्हणून ते बीवायओबी, येताना आपली बाटली आपण आणा. वर कायदा असा, की बाटली उघडून दिल्याचे पैसेही त्यांना लावता येत नाहीत. म्हणजे ज्यांच्या घरची आजी सकाळपासून सॉस ढवळतेय त्यांच्याकडे यादी नाही, आणि ज्यांच्याकडे यादी आहे त्यांचा सॉस मुख्य कार्यालयात ठरतो.

ऑलिव्ह गार्डनचंच बघा. 1982 साली फ्लोरिडात, ऑरलँडोला पहिलं दुकान निघालं, आणि ते काढलं जनरल मिल्सने, म्हणजे चीरिओज विकणाऱ्या कंपनीने. आज नऊशेच्या वर शाखा आहेत. नऊशे ठिकाणी, कुठल्याही वारी, तीच वाइन त्याच चवीची मिळाली पाहिजे अशी अट घातली की यादीतून काय काय गळणार हे उघड आहे. डोंगरउतारावरची चार एकरांची बाग गळते, हट्टी म्हातारा बागायतदार गळतो, एखाद्या वर्षी जास्त आंबट निघालेला माल गळतो. उरतात ती लाखांनी बाटल्या भरू शकणारी मोठी नावं.

यादीचा सगळ्यात खमका परीक्षक मी पाहिला तो मात्र वाइनच्या थेंबालाही न शिवणारा. आमचे मामा तासगावचे द्राक्षबागायतदार, गळ्यात माळ. खरड छाटणी उरकून लेकीकडे अमेरिकेला आले होते, तेव्हा आम्ही त्यांना अशाच एका साखळी इटालियनमध्ये नेलं. मामांनी लिंबाचं सरबत मागवलं, चष्मा पुसला आणि यादी हातात घेतली. द्राक्षाची आहे म्हटल्यावर वाचणं भागच होतं. बराच वेळ वरून खाली बोट फिरवत राहिले.

"ह्याच्यात साल कुठंय?"

"साल म्हणजे, मामा?"

"अरे, एका साली पाऊस लांबतो, एका साली थंडी धरून बसते. साखर दर साली वेगळी उतरती. माल सारखा कसा यायचा?"

"यांचा सारखाच येतो. तीच तर खुबी आहे त्यांची."

"मग ते बागायतदार न्हवंत," मामा यादी खाली ठेवत म्हणाले, "कारखानदार."

इतक्या वर्षांत यादीवर याहून नेमकं बोललेलं मी ऐकलं नाही. साल न छापण्यामागे रेस्टॉरंटची सोय आहेच. जुना साठा संपून नवा आला की नऊशे ठिकाणची पानं पुन्हा कोण छापणार? पण खरी मेख मामांनी धरली तीच. मोठा उत्पादक इकडचं-तिकडचं मिसळून चव एका रेषेत ठेवतो. युरोपच्या नियमाप्रमाणे बाटलीवर साल लिहायला 85 टक्के द्राक्षं त्या सालाची असली तरी चालतं. बाकी पंधरा टक्क्यांत पुष्कळ काही सावरून घेता येतं. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. मग ब्रेडस्टिकची तिसरी टोपली मागवली, कारण ती फुकट होती.

आता यादीची मांडणी. ती बहुतेक ठिकाणी गोडापासून सुरू होते, ड्रायकडे उतरत जाते. वरच मोस्कातो, मग कुठली तरी गुलाबी, मग पिनो ग्रीजो ही ड्राय पांढरी. जाणत्यांचं नाक पहिलं मुरडतं ते इथेच, आणि इथेच माझं त्यांच्याशी पटत नाही. इटलीतल्या पिएमाँतमधली मोस्कातो दास्ती ही जेमतेम पाच-साडेपाच टक्के अल्कोहोलची, हलकी फसफसणारी, पिकल्या पीचच्या वासाची वाइन आहे. तिथले लोक ती केकबरोबर हौसेने पितात. यादीतली मोस्कातो त्या तोडीची क्वचितच असते, पण आयुष्यात पहिल्यांदा ग्लास हातात घेतलेल्या काकूंना ती घाबरवत नाही. दोन घोटांत त्यांच्या कपाळावरची आठी जाते, हे मी समोर बसून पाहिलंय. आणि त्या गुलाबी व्हाइट झिनफँडेलची गोष्ट तर अशी, की 1975 साली कॅलिफोर्नियात सटर होम वायनरीत एका टाकीचं आंबवणं मध्येच अडकलं, साखर तशीच राहिली. टाकी ओतून न देता त्यांनी ती विकली आणि अमेरिकेने ती डोक्यावर घेतली. वायनरी ट्रिंकेरो घराण्याची, म्हणजे इटलीतून आलेल्यांचीच. एका अर्थी त्या सबंध पानावर अमेरिकेतल्या इटालियन माणसाची करामत म्हणावी अशी तीच एक ओळ असते, आणि तिलाच सगळे हसतात.

किमतीच्या रकान्यात मात्र मी कोकणस्थ होतो. बऱ्याच साखळ्यांत ग्लासचे दोन आकार असतात, सहा औंस आणि नऊ औंस. बाटली 750 मिलीची, म्हणजे साधारण पंचवीस औंस. सहाचे चार ग्लास होतात आणि तळाशी घोटभर उरते. तेव्हा चार ग्लासांची किंमत बाटलीशी ताडून बघायची. दोघांना दोन-दोन ग्लास घ्यायचे असतील तर बाटली जवळजवळ नेहमी स्वस्त पडते, आणि उरलेली बूच लावून घरी नेता येते. दुकानातल्या किमतीशी ताडायला जाऊ नये, जेवण कडू होतं. यादीतली सगळ्यात स्वस्त मागवायची लाज वाटते म्हणून लोक दुसऱ्या नंबरची मागवतात, आणि हॉटेलवाले नेमके त्यावरच हात मारतात, असा एक समज आहे. लंडनच्या रेस्टॉरंटांच्या याद्या तपासून दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो खोडून काढला. नफ्याची टक्केवारी सगळ्यात जास्त निघाली ती यादीच्या मधल्या पट्ट्यात. म्हणजे आपण जिथे "फार स्वस्त नको, फार महाग नको" म्हणून समंजसपणे बोट ठेवतो, तिथे. सगळ्यात स्वस्त दोन ओळींना भ्यायचं काही कारण नाही.

माझ्या लेखी यादीचा खरा कस लागतो तो ग्लासने मिळणाऱ्या किआंतीवर, म्हणजे इटलीतल्या तस्कनीच्या रेडवर. ती ज्याची होते त्या सांजोव्हेजे द्राक्षाला जात्याच आंबटपणा असतो, आणि टोमॅटोच्या सॉसपुढे टिकायला तोच लागतो. कॅलिफोर्नियाची जाडजूड, लाकडात मुरलेली काबर्ने स्पॅगेटीबरोबर घेऊन बघा; दोन घासांत ती जड आणि गोडसर वाटायला लागते. साधी किआंती मात्र सॉसचा आंबटपणा अंगावर घेते आणि पुढचा घास मागते. फक्त ती ताजी उघडलेली हवी. उघडी बाटली दोन-तीन दिवसांत उतरते, तिला सुकामेव्याच्या डब्यासारखा शिळा वास यायला लागतो. म्हणून साखळीत माझा नियम उलटा आहे: वेगळं काही शोधायचं नाही, सगळे जे मागवतात तेच मागवायचं. शनिवारी रात्री किआंतीच्या बाटलीला शिळं व्हायला वेळच मिळत नाही. मंगळवारी दुपारी मात्र यादीच्या तळाशी असलेली अमारोने ही महागडी रेड ग्लासने मागवणाऱ्याने आधी वेटरला ती कधी उघडली हे विचारावं. विचारायला संकोच वाटला तर थोडी चाखायला मागावी. ऑलिव्ह गार्डनमध्ये तर वेटर स्वतःहून छोट्या ग्लासात नमुना ओतून देतात, एवढं सौजन्य भारी रेस्टॉरंटात मला क्वचितच दिसलंय. रेड जरा कोमट आली, आणि बारमागच्या फळीवर उभी असल्याने ती येतेच, तर पाच मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगावं. कोणी हसत नाही.

तक्रार माझी एकच, आणि ती यादीत नसलेल्या ओळीची. लाझान्या, आल्फ्रेदो, तळलेलं मोझरेला, सगळं चीज आणि लोण्यात न्हालेलं. त्यावर हवी ड्राय लांब्रुस्को. गडद जांभळी, थंडगार, फेसाळ, जिभेवरचं तूप खरवडून काढणारी. तिच्या गावचे, म्हणजे इटलीतल्या एमिलियातले लोक सॉसेज आणि पार्मेझानबरोबर तीच पितात. अमेरिकेला ती नवीन आहे असंही नाही. रिउनीते नावाची गोड लांब्रुस्को सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथे इतकी खपली, की ती आयात करणाऱ्या मारियानी बंधूंनी त्या जोरावर तस्कनीत माँताल्चिनोला बान्फीची अख्खी जहागीर उभी केली. आज ब्रुनेल्लोवाले, म्हणजे माँताल्चिनोच्या त्या नामांकित रेडचे शौकीन, तिचं नाव अदबीने घेतात. लांब्रुस्को मात्र त्या गोड आठवणीपायी बदनाम झाली आणि याद्यांतून उठली. ड्राय लांब्रुस्कोची एक ओळ जी साखळी छापेल तिच्याकडे मी सालाचाही हिशेब मागणार नाही. तोवर दुकानातून बाटली घ्यायची, घरी फ्रिजमध्ये गार करायची आणि पिशवीत घालून त्या भाच्याच्या बीवायओबीत न्यायची. शुक्रवारी तिथे साडेसहाच्या आत पोचलं तरच टेबल मिळतं.