स्विच कुठे बसवायचा आणि चौकट किती वेगाने फिरवायची

ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, त्यांना एका स्विचने बोलता येतं: स्क्रीनवरच्या तक्त्यात चौकट आपोआप सरकत राहते, हव्या ओळीवर आली की स्विच दाबायचा, मग त्या ओळीतल्या हव्या खान्यावर पुन्हा दाबायचा. असं बोलायचं ठरलं की सगळे आधी ॲप शोधायला लागतात. खरा वेळ द्यायला हवा तो स्विचच्या जागेला. पहिल्या दिवशी स्क्रीन लावूच नका. ठरवून करता येईल अशी एक हालचाल शोधा: अंगठा, गुडघा, गाल किंवा मान किंचित वळवणं. नुसतं दाबता येणं पुरत नाही, सोडताही आलं पाहिजे. सेरेब्रल पाल्सीत वळलेली मूठ सुटायला बऱ्याचदा वेळ लागतो. मग हाताचा हट्ट न धरता डोक्याची हालचाल पाहावी. कंबर मागे टेकलेली आणि पावलांना आधार हवाच, नाहीतर दर दाबाला अंग घसरतं आणि स्विच आवाक्याबाहेर जातो. नेमकी जागा सापडली की तिचा फोटो काढून खुर्चीलाच लावा.

जोडणी सोपी. स्विचचा ३.५ मिमी जॅक इंटरफेसमध्ये, म्हणजे स्विच आणि संगणक जोडणाऱ्या उपकरणात, जातो आणि संगणकाला स्पेस किंवा एंटर दाबल्यासारखं वाटतं.

वेग अंदाजाने ठेवू नका. चौकट खान्यावर आल्यापासून स्विच दाबेपर्यंतचा वेळ पंधरा-वीस वेळा मोजा, सरासरीला ०.६५ने भागा. सरासरी १.३ सेकंद असेल तर चौकट प्रत्येक खान्यावर २ सेकंद थांबू द्या. ओळ निवडल्यावर पहिला खाना हमखास हुकतो, कारण तोवर बोट परत उचललेलंच नसतं. तिथे जादा थांबा द्या. कंपामुळे दोनदा दाबलं जात असेल, तर लगेचचा दुसरा दाब दुर्लक्षित करणारी सेटिंग लावा.

आता अक्षरं. स्वर, मग कवर्ग, चवर्ग अशी मांडणी ठेवली तर ‘न’साठी चार ओळी ओलांडून पाचवी, मग पाचवा खाना: दहा टप्पे. तवर्ग सगळ्यात वर नेला की सहाच. वर्गातला क्रम मात्र मोडू नका. तो पाठ असतो, म्हणून पुढचं अक्षर कधी येणार हे आधीच कळतं. टवर्ग खुशाल खाली जाऊ द्या. ‘चुकलं, पुसा’ हा खाना पहिल्या ओळीतच हवा.

हाच तक्ता कागदावर छापून उशाशी ठेवा. चार्जिंग संपलं की ओळी आपण मोठ्याने वाचायच्या आणि बोलणाऱ्याची नजर वर गेली की थांबायचं. रात्री मशीन बंद असताना तोच स्विच साध्या घंटीला जोडलेला असावा.