तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेंटनंतरच्या दोन गोळ्या

"छातीत दुखत नाही, जिना चढता येतो, मग खून पतला करायच्या दोन-दोन गोळ्या कशाला? आणि दाढ काढायचीय, चार दिवस बंद ठेवू का?" इंदूरच्या मराठी घरांतून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. म्हणून एकदा नीट लिहिते.

या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटेनाशा होतात, एवढंच. दोन गोळ्यांपैकी एक ॲस्पिरिन, दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. स्टेंट म्हणजे हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत, म्हणजे नळीत, बसवलेली धातूची जाळी. तिच्यावरच्या औषधामुळे पेशी बेसुमार वाढत नाहीत आणि नळी पुन्हा अरुंद होत नाही. पण त्याच औषधामुळे जाळीवर आतलं अस्तर यायलाही वेळ लागतो. तोवर धातू उघडा. उघड्या धातूवर प्लेटलेट्स जमतात, गुठळी होते आणि नळी एकदम बंद पडते. ही अरुंद नळी नव्हे, पूर्ण बंद नळी. म्हणून हा हृदयविकाराचा झटका मोठा असतो. आधी दुखेलच असं नाही, त्यामुळे "बरं वाटतंय" हा निकष इथे चालत नाही.

झटक्यानंतर स्टेंट बसवला असेल तर दोन्ही गोळ्या साधारण 12 महिने, ठरवून बसवला असेल तर साधारण 6. रक्तस्रावाचा धोका असेल तर आम्हीच मुदत कमी करतो. पुढे एक गोळी कायमची, बहुधा ॲस्पिरिन 75 मिलिग्रॅम. क्लोपिडोग्रेल दिवसातून एकदा. टिकाग्रेलॉर 90 मिलिग्रॅम मात्र 12 तासांच्या अंतरानं दोनदा, आणि संध्याकाळचीच राहून जाते. टिकाग्रेलॉरनं काहींना दम लागल्यासारखं वाटतं. कळवा, गोळी बदलता येते. परस्पर थांबवू नका.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती एकत्र कॅप्सूलची. तिच्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं ॲटोर्वास्टॅटिन, तिन्ही असतात. "क्लोपिडोग्रेल बंद" म्हटल्यावर पूर्ण कॅप्सूल सुटते आणि राहायला हवीत ती दोन औषधंही जातात. चिठ्ठीवर दुसरं काय सुरू करायचं ते लिहून घ्याच.

दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढतात. कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट चावायचा, लागलं तर टाका घालतात. थोडं जास्त वेळ पाझरेल. हर्नियासारखी ऑपरेशनं मुदत संपेपर्यंत पुढे ढकलावीत. थांबणं शक्यच नसेल तर क्लोपिडोग्रेल साधारण 5 दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालूच. मोतीबिंदूला सहसा काहीच थांबवावं लागत नाही. कोणतीही गोळी थांबवण्याआधी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं व्हायलाच हवं.

गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ॲसिडिटीला क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल नको, पॅन्टोप्राझोल चालतं. शौच डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दाखवा (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, तेही सांगा).

पुण्याला लग्नाला गेलात आणि गोळ्यांचं पाकीट इंदूरला राहिलं, तर मोबाईलमधला चिठ्ठीचा फोटो दाखवून तिथल्या दुकानातून तेच औषध, त्याच मात्रेचं घ्या. कंपनी वेगळी चालेल. चुकलेल्या डोसासाठी पुढच्या वेळी दोन घेऊ नका.